उपाशी उंदरांचा गट

आमच्या घरात उंदीर मारायला बंदी होती. स्वयंपाकघरात शिरलेला उंदीरही आई पिंजऱ्यात पकडायची, कालव्यापलीकडे नेऊन सोडायची आणि हात जोडून परत यायची. वडील म्हणायचे, तो उंदीर हिच्याआधी घरी पोचतो, कारण त्याला टाऊन बसची वाट बघावी लागत नाही. अशा घरातल्या मुलीने पांढऱ्या उंदरांच्या यकृतावर पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आईने एक अट घालून परवानगी दिली.

हे सगळं तंजावूरमधलं. देशाने बाजाराची दारं उघडली, त्यानंतरची ती वर्षं. आमच्या गल्लीत केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडी बूथ झाला होता आणि बघावं त्या घरातला एक तरी मुलगा कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता. मीही जावं असं वडिलांचं मत होतं. आम्ही मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्या घरांपैकी. घरात मराठी, रस्त्यात तमिळ आणि कॉलेजात इंग्रजी. मराठी लिहायला-वाचायला मी पुढे पुण्यात नोकरी लागल्यावर शिकले. म्हणून आईचं आणि आमच्या प्राणिगृहातल्या मामांचं बोलणं इथे ऐकलं तसं लिहिते, बाकीचं शिकले तसं.

माझा विषय तळ्यातल्या शेवाळाचा होता. उन्हाळ्यात पाणी आटलं की आमच्याकडच्या काही तळ्यांवर हिरवी साय धरते. सगळंच शेवाळ वाईट नसतं, पण त्यातल्या काही जातींत विष असतं आणि ते पोटात गेलं की थेट यकृत गाठतं. एकदम खूप गेलं तर जनावर मरतं. थोडं थोडं बरेच दिवस जात राहिलं तर मरत नाही, पण यकृतात आधीच कुठे बिघडलेल्या पेशी असल्या तर त्या वाढायला लागतात आणि त्यांची गाठ होते. एवढं तोवर लोकांना कळलेलं होतं. ते आतून कसं घडतं, हा प्रश्न होता.

माझे मार्गदर्शक, म्हणजे आमचे सर, समजावून सांगण्यात पटाईत. ते म्हणाले, पेशीला वाढीचा निरोप देणारी काही जनुकं असतात. एरवी ती गप्प बसतात. गरज पडली की थोडा वेळ बोलतात आणि पुन्हा गप्प होतात. हे विष त्यांना गप्प करणारी यंत्रणाच बंद पाडत असावं, असा सरांचा अंदाज होता. मी बघायचं ते इतकंच, की विष दिलेल्या उंदराच्या यकृतात असं एक जनुक बोलत राहतं का, आणि विष न दिलेल्याच्या यकृतात ते गप्प असतं का. वडिलांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "एवढ्यासाठीं चार वर्षं?"

चार वर्षं कशी लागतात ते त्यांना मी पुष्कळदा सांगून पाहिलं. जनुक बोलतंय की नाही हे त्याने धाडलेल्या निरोपावरून, म्हणजे आरएनएवरून कळतं, आणि हा आरएनए भलताच नाजूक. यकृत काढल्यावर मिनिटभरात द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलं नाही तर निरोपाचे तुकडे होतात आणि महिन्याची मेहनत पाण्यात जाते. द्रव नायट्रोजन आमच्या भागात मिळायचा तो ओरत्तनाडूला, गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या खात्यात. मी रिकामं कॅन घेऊन ओरत्तनाडूच्या बसने जायची आणि भरलेलं घेऊन त्याच बसने यायची. झाकणाच्या फटीतून पांढरा धूर निघायचा. कंडक्टर मला शेवटच्या सीटवर एकटीला बसवायचा आणि तिकिटाचे पैसे लांबूनच हात करून घ्यायचा. मला ते फार आवडायचं. त्या गर्दीच्या बसमध्ये ऐसपैस जागा मिळणारी मी एकटीच.

तर आईची अट. ती म्हणाली होती, "मज काय कळणार तुजं शास्त्र? पण उंदीर म्हणजे देवाचं वाहन. चवतीला जीव घेऊं नक्को. संकष्टी होऊं दे, मी देवाला सांगतें, मग दुसरे दिवशीं काय ते कर." मला दर महिन्याला उंदरांची एक तुकडी लागायची. महिन्यातला एखादा दिवस ठरवायचाच होता, मग संकष्टीच्या दुसऱ्या दिवसाला माझी काय हरकत असणार? मी हो म्हणाले. सरांना वाटायचं मुलगी शिस्तीची आहे, बरोबर महिन्याच्या महिन्याला काम करते.

संकष्टीला चंद्र उगवला की आई उपास सोडायची. त्याचे उकडीचे मोदक उरायचेच, कारण आईला मोजून काही करता यायचं नाही. सकाळी ती ते पुन्हा वाफवून स्टीलच्या डब्यात भरायची आणि मला म्हणायची, "प्राणिगृहांतल्या मामांना दे. देवाच्या वाहनांची सेवा करतात ते." मी सातला डबा मामांच्या हातात द्यायची आणि वर प्रयोगशाळेत तयारीला जायची. नऊला खाली येऊन कामाला लागायची.

मामा म्हणजे प्राणिगृहाचे राखणदार. पन्नाशी उलटलेली, खाकी सदरा, कपाळाला भस्म. तेही आमच्यासारखेच जुन्या मराठी घरातले. आपले पूर्वज राजाच्या पागेत होते असं ते सांगायचे आणि स्वतः पिंजरे धुता धुता त्यावर हसायचे. इतकी वर्षं काम करूनही ते रोजंदारीवरच होते. त्यांना कायम करायची फाइल कचेरीत कुठेतरी फिरत होती. उंदरांशी ते मराठीत बोलायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तमिळ बोलणारे अस्के अहेत त्यांना. मराठी कोण बोलणार?" अस्के म्हणजे सगळे.

तुकडीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला सगळ्या पिंजऱ्यांतलं खाणं काढायचं, फक्त पाणी ठेवायचं, असा नियम होता. कारण उपाशी उंदीर जेवला की यकृत कामाला लागतं आणि नेमकं हेच जनुक थोडा वेळ बोलून घेतं. सगळे सारखे उपाशी असले तरच फरक दिसला तर तो विषाचा म्हणता येतो. विषाच्या पिंजऱ्यांना लाल चिठ्ठी होती, बिनविषाच्यांना पांढरी.

आरएनएचा निरोप शेवटी एक्स-रे फिल्मवर पट्टा होऊन उमटतो; जनुक जितकं बोलतं तितका पट्टा काळा. पहिल्या तुकडीची फिल्म धुतली तेव्हा विषाच्या उंदरांचे पट्टे काळेभोर दिसले. मी डार्करूममध्येच टाळ्या वाजवल्या. मग बाजूचे पट्टे बघितले. बिनविषाच्या उंदरांचेही काळे. थोडे फिके, पण काळेच. म्हणजे विष दिलं काय आणि न दिलं काय, जनुक बोलतंच. असं असेल तर माझ्या प्रबंधात लिहायचं काय?

सर म्हणाले, कुठेतरी भेसळ असेल, पुन्हा कर. दुसऱ्या तुकडीतही तेच. मी हातमोजे बदलले, नळ्या बदलल्या, पाणी चारदा गाळलं. प्रयोगशाळेतल्या दोन मुलांवर उगीच आवाज चढवला. ते बिचारे माशांवर काम करत होते, त्यांचा माझ्या उंदरांशी काडीचा संबंध नव्हता. तिसऱ्या महिन्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी आई तिरुचीला गेली होती. त्या तुकडीत बिनविषाचे पट्टे कोरे निघाले, अगदी स्वच्छ! त्याच आठवड्यात मी एका रसायनाची नवी बाटली उघडली होती. सगळं श्रेय मी त्या बाटलीला दिलं, तिच्यावर कुंकवाचं बोट लावलं आणि कुणी हात लावू नये म्हणून ती कपाटात कुलूप लावून ठेवली. चौथ्या महिन्यात आई परत आली आणि पट्टेही परत आले. बाटली तीच होती. मी तिच्यावरचं कुंकू पुसून टाकलं.

एव्हाना माझ्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. एक वर्षाची वाढ मिळाली तर काम पुरं होणार होतं. पण वाढ द्यायची की नाही हे समिती ठरवणार होती आणि समितीला दाखवायला माझ्याकडे एक चांगली आणि तीन वाईट फिल्मा होत्या. सरांनी स्पष्ट सांगितलं, बिनविषाचा गट शांत बसला नाही तर वाढ मागायला तोंड नाही. वडिलांनी कॉम्प्युटर क्लासचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला, त्यावर पेपरवेटसुद्धा ठेवला. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मला त्या तळ्यांचं खरंच काहीतरी शोधायचं होतं आणि ते हातातून जाणार म्हणून मी न्हाणीघरात नळ सोडून रडत असे.

पाचव्या तुकडीला सर स्वतः खाली आले. वर्षभरात त्यांनी प्राणिगृहाचं तोंड पाहिलं नव्हतं. मी पांढऱ्या चिठ्ठीच्या पहिल्या उंदराचं यकृत काढलं, मिनिटाच्या आत गोठवलं आणि विजयाने वर बघितलं. सरांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते चिमट्याने त्या उंदराचं जठर टोचत होते.

"हा उपाशी आहे ना?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"हो सर. कालपासून."

त्यांनी जठर कापलं. आतून ओलं खोबरं निघालं. त्यामागून तांदळाच्या पिठाचा गोळा. सरांनी वाकून वास घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "यात वेलदोडा आहे."

इतके महिने मी प्रत्येक वेळी यकृत काढायच्या घाईत असायची. बाजूचं टम्म फुगलेलं जठर मला कधी दिसलंच नव्हतं. सर वर निघून गेले आणि मी मामांकडे धावले. ते मागच्या पडवीत पिंजरे धूत होते. मी जे तोंड सोडलं ते आज आठवलं तरी लाज वाटते. माझं वर्ष खाल्लंत, माझा प्रबंध खाल्लात, उपाशी ठेवायचं म्हणजे काय ते इतक्या वर्षांत कळलं नाही का, असं बरंच काही. मामा हात पुसत उभे राहिले.

"पाप्पा," ते म्हणाले. आमच्याकडे लाडक्या मुलीला असंच म्हणतात. "नऊ वाजतां जायाचीं तीं. कालपासून पोटांत काय नाहीं. रिकामे पोटीं कोणाला धाडूं नये. त्यांत प्रसाद अहे म्हणून दिलों."

मी पुढचं वाक्य तयारच ठेवलं होतं. तेवढ्यात माझी नजर खिडकीत गेली. तिथे धुऊन पालथा घातलेला आमचा डबा होता. झाकणावर आईने खिळ्याने कोरलेली खूण. प्रसाद आमच्या घरचा, दिवस आमच्या घराने ठरवलेला, आणि तो दर महिन्याला बरोबर सातला इथे आणून देणारी मी. मी डबा उचलून हातात घेतला.

"लाल चिठ्ठीवाल्यांनाही देता?" मी विचारलं.

"देतों की. तीं तोंड लावत नाहींत. फिरून बसतात. मग तेवढे मी खातों."

वर गेले तेव्हा सर जरा निवळले होते. त्यांनी मला वाचवायचंच ठरवलं होतं. समितीला एक पत्र लिहू, ते म्हणाले. रोजंदारीवरच्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे चार तुकड्या वाया गेल्या, एका ओळीत संपतं, कुणी जास्त विचारणार नाही. त्यांनी ते कचेरीत टाइपही करून घेतलं. कागद माझ्यासमोर सहीला आला. खोटं म्हणावं असं त्यात एक अक्षर नव्हतं. पण तो कागद ज्या टेबलावर जाणार होता त्याच टेबलावर मामांची फाइल होती, हे मला आणि सरांना दोघांनाही माहीत होतं.

मी कागद घरी नेला. आईला सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग मामांनीं स्वतः किती खाल्ले?" मी म्हटलं, आई, माझं वर्ष जाणार आहे. ती म्हणाली, "तर मजं नाव लिही. मोदक मी केलें. मज कोण कामावरून काढतं बघूं." वडील पेपरच्या आडून हसले. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही, कारण तिचं नाव लिहून भागणार नव्हतं. डबा कुणी नेला ते लिहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नवं पत्र लिहिलं. तुकडीचा दिवस आमच्या घरच्या व्रतावरून ठरत होता. त्या दिवशी मी स्वतः खाद्यपदार्थ प्राणिगृहात आणत होते. तो उंदरांना दिला जाईल याचा विचार मी केला नाही आणि जठर तपासलं नाही. पांढऱ्या चिठ्ठीच्या उंदरांनी तो खाल्ला, लाल चिठ्ठीच्यांनी तोंड लावलं नाही. चूक माझी. सरांनी ते दोनदा वाचलं. "हे वाचून ते तुला घरी पाठवतील," ते म्हणाले. मी म्हटलं, पाठवू देत. सरांनी मान हलवली आणि खाली स्वतःची सही केली.

शेवाळाचं पुढे काय निघालं ते इथेच सांगून टाकते, नाहीतर मागाहून राहून जाईल. जेवलेल्या उंदरांच्या यकृतात ते जनुक थोडा वेळ बोललं आणि दुपारपर्यंत गप्प झालं. विष दिलेल्यांच्या यकृतात, अन्नाचा कण पोटात नसतानाही, ते बोलतच राहिलं. निरोगी यकृताला 'आता पुरे' म्हणता येत होतं, विषाने नेमकं तेच हिरावून घेतलं होतं. आमच्यापुरता तरी सरांचा अंदाज खरा ठरला. वाया गेलेल्या चार तुकड्यांनीच आम्हाला जेवलेला गट हवा हे शिकवलं.

पण समितीसमोर उभी राहिले तेव्हा ह्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पाचजण होते. पत्र टेबलावर फिरलं आणि एकेकाच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग हसू दिसायला लागलं. एकांनी पदार्थाची कृती विचारली. मी सांगितली. दुसऱ्यांनी गूळ किती असं विचारलं, ते कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. टोकाला बसलेल्या वयस्कर बाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "लाल चिठ्ठीवाल्यांनी खाल्लं नाही, हे नक्की?"

"नक्की. मामांनी प्रत्येक वेळी समोर ठेवून पाहिलं."

"आणि खायला दिलं ती वेळ?"

"डबा सातला पोचायचा. देवाचं नाव घेऊन ते लगेच द्यायचे. नऊला मी यकृत काढायची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे उपाशी पोटीही विषाचे पट्टे काळे आहेत, आणि दोन तासांपूर्वी जेवलेल्यांचे त्याहून फिके. ही चूक नाही, हा अर्धा प्रयोग आहे. उरलेला अर्धा नीट करा. उपाशी एक गट, जेवलेला एक गट, तासातासाने. आणि खायला घालणारा माणूस बदलू नका, वेळ पाळणारा दिसतो." मग त्या सरांकडे वळून म्हणाल्या की वर्षभरासाठी त्या माणसाची नेमणूक प्रकल्पावर महिन्याच्या पगाराने करा, समिती तसं लिहून देईल. माझा जीव भांड्यात पडला, आणि धन्यवाद म्हणायचं विसरून मी बाहेर आले.

बाहेर व्हरांड्यात मामा उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, ओले वाटावेत इतके चापून बसवलेले केस. प्रसादावरून पत्र गेलंय एवढं त्यांना शिपायाकडून कळलं होतं, पत्रात काय आहे ते नाही. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी प्राणिगृहाच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला.

"पिंजरे अस्के धुऊन ठेवलें," ते म्हणाले. "नव्या माणसाला सांग, तिसऱ्या पिंजऱ्याचं दार जरा उचलून लावायाचं."

"मामा, एक वर्ष दिलं त्यांनी."

त्यांनी हळूच विचारलं, "मज, का तुज?"

"दोघांना," मी म्हणाले, आणि किल्ल्या त्यांच्या हातात परत दिल्या.